केनियाच्या सफारीची तयारी: टोपी सगळ्यात शेवटी

आफ्रिकेला जायचं ठरलं की आपल्याकडे पहिली खरेदी होते ती टोपीची. मग खाकी पँट, मग खिसेच खिसे असलेलं जाकीट. मीही तेच केलं होतं. टोपी झकास होती. पण पिवळ्या तापाची लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, तिची वेळ आधी घ्यावी लागते, हे मला निघायच्या सतरा दिवस आधी कळलं. वेळ मिळाली ती निघायच्या बारा दिवस आधीची. प्रमाणपत्र लागू व्हायला दहा दिवस लागतात. म्हणजे दोन दिवसांनी वाचलो.

दुसऱ्या वेळी आत्या बरोबर होती, वय ६४. तेव्हा सगळं उलट्या क्रमाने केलं: आधी महिना, मग ठिकाणं, मग गाडी, मग कागद आणि सुई, आणि बॅग सगळ्यात शेवटी. या लेखाचा क्रमही तोच आहे. निघायच्या सहा महिने आधी सुरुवात केलीत तर धावपळ होत नाही; जुलै-ऑगस्टला जायचं असेल तर आठ-दहा महिने धरा.

महिना कुठला?

मसाई मारा हे अभयारण्य सगळ्यांच्या डोक्यात असतं ते प्राण्यांच्या स्थलांतरामुळे. सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट (गायीसारखी शिंगं असलेली मोठी हरणं) आणि त्यांच्या सोबतीने लाखभराहून जास्त झेब्रे गवताच्या मागे वर्षभर गोल फिरत असतात. वर्षातला बराच काळ ते टांझानियातल्या सेरेंगेटीत असतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर केनियाच्या बाजूला, मारात येतात. नदी ओलांडतानाचं जे दृश्य टीव्हीवर पाहिलेलं असतं ते याच दिवसांतलं. पण कुठल्या दिवशी, किती वाजता, हे कोणीही सांगू शकत नाही. ‘क्रॉसिंग नक्की दाखवू’ म्हणणारा एजंट भेटला तर फोन ठेवून द्या.

आम्ही नदीकाठी दोन तास चाळीस मिनिटं थांबलो होतो. समोरच्या काठावर हजारभर जनावरं. पुढचं एक उतरायचं, पाण्यात पाय घालायचं, वास घ्यायचं आणि मागे फिरायचं, की मागचे सगळे धूळ उडवत मागे. असं चार वेळा झालं. शेवटी एक झेब्रा आला, पाणी प्यायला आणि निघून गेला, आणि त्याच्यामागे सगळा कळपही. त्या दिवशी क्रॉसिंग झालंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झालं, आणि ते जेमतेम सात मिनिटं चाललं. हातात दुसरा दिवस होता म्हणून दिसलं.

आता पैशांचं. मारात परदेशी पाहुण्याची प्रवेश फी जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आहे. तिकीट बारा तासांचं असतं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. जुलैत दोघे जण तीन दिवस जाणार असाल तर १,२०० डॉलर, म्हणजे लाखाच्या वर रुपये, नुसत्या फाटकावर. यात गाडी नाही, खोली नाही, जेवण नाही.

म्हणून माझं मत: पहिल्यांदा जाणाऱ्याने आणि हात आखडता असलेल्याने जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी धरावा. हवा कोरडी असते, गाड्यांची गर्दी कमी, फी निम्मी. स्थलांतर नसलं तरी माराचे सिंह, चित्ते, तरस, हत्ती, जिराफ कुठे जात नाहीत. ते तिथलेच रहिवासी.

मे महिन्याची सुट्टी मात्र आपल्या सोयीची असली तरी केनियाच्या सोयीची नाही. मार्च ते मे तिथला मोठा पावसाळा. माराची बरीचशी जमीन काळी कापसाची, आपल्या विदर्भासारखी. पाऊस पडला की चाकं लोण्यात सुरी जावी तशी आत जातात. शाळेतली मुलं असतील तर जूनचा पहिला आठवडा किंवा, दिवाळी ऑक्टोबरात येत असेल त्या वर्षी, दिवाळीची सुट्टी पाहा. नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू होतो. तो सहसा दिवसभर झोडपत नाही.

ठिकाणं कमी, मुक्काम जास्त

पहिल्या सहलीत आम्ही सात रात्रींत पाच अभयारण्यं केली. कागदावर ऐवज वसूल वाटत होता. प्रत्यक्षात प्राण्यांपेक्षा ट्रकच जास्त पाहिले. नैरोबीहून मारा नकाशावर जवळ दिसतं, पण माई माहिऊचा घाट, मग नारोक, मग कच्चा रस्ता असं करत पाच-सहा तास सहज लागतात. अंबोसेली आणि मारा तर नैरोबीच्या दोन विरुद्ध दिशांना. एकातून निघून दुसऱ्यात जायचं म्हणजे अख्खा दिवस रस्त्यात.

सात रात्री असतील तर मी आता असं मांडेन: नैरोबीत एक, अंबोसेलीत दोन, नैवाशा तलावाकाठी एक आणि मारात तीन. नैवाशाचा मुक्काम फक्त प्रवास तोडण्यासाठी, पण होडीतून पाणघोडे दिसतात आणि घरातल्या ज्येष्ठांची पाठ वाचते.

अंबोसेली जेमतेम ३९२ चौरस किलोमीटरचं आहे. तिथे जायचं ते हत्तींसाठी आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या किलिमांजारोसाठी. डोंगर ५,८९५ मीटरचा, आहे टांझानियात, पण त्याचा दर्शनी भाग केनियाच्या वाट्याला आलाय. तो दिसतो पहाटे आणि संध्याकाळी; दहानंतर ढगांत जातो. एकच रात्र राहिलात तर एकच पहाट मिळते, म्हणून दोन रात्री.

गेंडा पाहायचाच असेल तर नैवाशाऐवजी नाकुरू घ्या. फ्लेमिंगोंसाठी मात्र नाकुरूला जाऊ नका. तलावाचं पाणी वाढल्यापासून तिथे पूर्वीसारखे गुलाबी थवे नसतात. जुने फोटो दाखवून अजूनही सहली विकल्या जातात.

विमान सकाळी उतरत असेल तर नैरोबीतला तो दिवस वाया घालवू नका. शहराला खेटूनच नैरोबी नॅशनल पार्क आहे, १९४६ सालचं, जिथे गेंड्यामागे उंच इमारती दिसतात. अनाथ हत्तीपिल्लांचं शेल्ड्रिक केंद्रही तिथेच. सर्वसामान्यांना रोज फक्त सकाळी अकरा ते बारा प्रवेश, आणि तोही आधी नोंदवून. पिल्लं मोठाल्या बाटल्यांनी दूध पितात. आत्याने मारापेक्षा याचंच कौतुक घरी आल्यावर जास्त केलं.

राहायचं आत की बाहेर? माराच्या सेकेनानी आणि तालेक फाटकांबाहेर स्वस्त आणि बऱ्यापैकी तंबू-कॅम्प आहेत. रिझर्व्हच्या आतले लॉज महाग. तिसरा पर्याय कॉन्झर्व्हन्सींचा: नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोतोरोगी. या मसाई मालकांच्या जमिनी, भाड्याने घेऊन राखलेल्या. तिथे गाड्यांच्या संख्येवर मर्यादा असते आणि रात्रीची फेरी, पायी फिरणं यांना परवानगी असते. मुख्य रिझर्व्हमध्ये या दोन्ही गोष्टी चालत नाहीत. पैसे असतील तर तीनपैकी एक रात्र कॉन्झर्व्हन्सीत घाला.

गाडी आणि ड्रायव्हर: खरी सफारी इथे ठरते

ताडोबात आपल्याला जिप्सी मिळते ती एका फेरीपुरती. गाइड बरा निघाला तर नशीब, नाही तर संध्याकाळी दुसरा. केनियात एकच गाडी आणि एकच माणूस सात दिवस तुमच्याबरोबर असतो. तोच चालवतो, तोच जनावर शोधतो, तोच बंद पडलेली गाडी दुरुस्त करतो. लॉजमधल्या गादीची चौकशी करण्याआधी त्याची चौकशी करा.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीला हे विचाराच. गाडी फोर-बाय-फोर लँड क्रूझर आहे की व्हॅन? छप्पर वर उचललं जातं का? प्रत्येकाला खिडकी मिळेल का? सहा-सात जणांच्या गाडीत मधल्या जागेवर बसलेला माणूस आठवडाभर दुसऱ्याच्या कोपरातून सिंह पाहतो. गाडी फक्त आमची, की त्यात आणखी कोणी भरणार? किलोमीटरची मर्यादा आहे का? दिवसभर बाहेर राहता येईल का, डबा बरोबर घेऊन? आणि ड्रायव्हरकडे केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशनचा बिल्ला आहे का? त्यांच्या परीक्षा असतात आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. ब्राँझवाला असला तरी त्याने अभ्यास केलाय हे नक्की. कंपनी केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सची सदस्य आहे का, हेही त्यांच्या यादीत पाहून घ्या.

भारतातल्या कंपनीकडून गटाने जावं की थेट तिथल्या कंपनीशी बोलावं? गटात पोळी-भाजी, मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि सोबत मिळते. पण चार गाड्या एकत्र निघतात आणि एकाला चहा हवा असला की चौघी थांबतात. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर मी थेट नैरोबीच्या कंपनीशी ईमेलवर बोलेन, तीन ठिकाणांहून दर मागवेन आणि प्रत्येकाकडून लेखी घेईन की दरात पार्क फी धरली आहे की नाही. पहिल्या खेपेला आमच्या एजंटने ‘सर्व समाविष्ट’ म्हटलं होतं. त्या ‘सर्व’मध्ये माराचा तिसरा दिवस नव्हता, हे फाटकावर कळलं. भारतातून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात वळता करून घेता येतो; पावती जपा.

पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जावं, पाऊण तासात पोचवतं. तिथले लोक कच्च्या रस्त्याच्या धक्क्यांना ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. पहिल्या तासाला हसू येतं. छोट्या विमानात सामान माणशी १५ किलो, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक सुटकेस डिक्कीत बसत नाही.

कागद

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना, सुरू केला. सरकारी संकेतस्थळावर भरायचा, मूळ शुल्क ३० डॉलर. पासपोर्ट सहा महिने वैध, फोटो, तिकीट आणि मुक्कामाचं बुकिंग लागतं. काही दिवसांत येतो, पण महिनाभर आधीच भरून टाका. शोधयंत्रात वर येणारी पहिली दोन-तीन संकेतस्थळं बहुतेक दलालांची असतात आणि ती दुप्पट-तिप्पट घेतात. पत्त्याच्या शेवटी केनिया सरकारचं गो डॉट केई आहे ना, ते पाहा. बरोबर युगांडा आणि रवांडाही करणार असाल तर तिन्ही देशांचा १०० डॉलरचा एकत्रित पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा मिळतो. त्यात टांझानिया नाही.

सुई आणि गोळ्या

पिवळ्या तापाची लस केनियासाठी जितकी लागते त्याहून जास्त परत येण्यासाठी लागते. भारतात हा रोग नाही आणि डास मात्र आहेत, म्हणून आपलं सरकार याबाबत कडक आहे. केनियाहून येणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांचं विलगीकरण होऊ शकतं. लस फक्त केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवर मिळते, ठरावीक वारी, आधी नाव नोंदवून. मूळ पासपोर्ट घेऊन जा. पिवळी पुस्तिका हातात आली की तिथेच खुर्चीवर बसून पासपोर्ट क्रमांक, नाव आणि तारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. माझ्या शेजारच्या काकांच्या पुस्तिकेत आठाचा तीन झाला होता. तिथल्या तिथे दुरुस्त झाला. ही पुस्तिका आता आयुष्यभर चालते, पुन्हा सुई नाही.

अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, नऊ महिन्यांखालचं बाळ, यांना ही लस सहसा देत नाहीत. साठीपुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायचं. आत्याची फाइल बघून डॉक्टरांनी होकार दिला. तोवर आम्ही तिचं तिकीट काढलं नव्हतं. वैद्यकीय सूट मिळणार असेल तर ती परतीच्या वेळी चालेल का, हे विमानतळ आरोग्य कार्यालयातच विचारा, एजंटला नको.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे गंभीर. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावर सात दिवस घेतात. डॉक्सिसायक्लिन परत आल्यावर चार आठवडे. डॉक्सिसायक्लिनने उन्हात त्वचा लवकर भाजते, हे विषुववृत्तावर जाणाऱ्याने लक्षात घ्यावं. संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि डास पळवायचं मलम हवंच.

प्रवास विम्यात विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलाय का ते पाहा. मारातून रुग्णवाहिकेने नैरोबी म्हणजे पुन्हा तोच मसाज. आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची पर्यटकांसाठी अल्पमुदतीची सदस्यता असते, बऱ्याच सफारी कंपन्या ती दरात धरतात. विम्याला स्वाहिलीत ‘बिमा’ म्हणतात. पैसा ‘पेसा’, गाडी ‘गारी’, दुकान ‘दुका’, चहा ‘चाय’, आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर ‘कचुंबारी’. सफारी म्हणजे नुसता प्रवास. आपली ‘सफर’ आणि ती एकाच अरबी घरातल्या. आत्या दोन दिवसांत ड्रायव्हरशी याच भांडवलावर गप्पा मारायला लागली.

पैसे बरोबर किती?

पार्क फी आता रोखीने घेत नाहीत, ती कंपनीच भरते. तुमच्याकडे टिपसाठी आणि वरखर्चासाठी डॉलर हवेत, नव्या छपाईच्या आणि न दुमडलेल्या नोटा. जुनी किंवा फाटकी नोट तिथे कोणी घेत नाही. ड्रायव्हर-गाइडला माणशी दिवसाला दहा डॉलरच्या आसपास टिप देण्याची रीत आहे. आपल्याकडे शेवटच्या दिवशी सगळे खिसे चाचपतात, तसं करू नका, पाकीट घरूनच बाजूला काढा. मसाई वस्तीत जायचं तर प्रवेशाचे पैसे ड्रायव्हरसमोर ठरवून घ्या, आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

आता बॅग

गरम कपडे. हो, आफ्रिकेत. नैरोबी साधारण कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे, आणि माराही पंधराशे मीटरच्या वर. पहाटे सहाला उघड्या छताच्या गाडीत दात वाजतात आणि अकराला टी-शर्ट नकोसा होतो. कांद्यासारखे थरावर थर घाला: टी-शर्ट, स्वेटर, वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. रंग मातकट किंवा फिका हिरवा. गडद निळा आणि काळा तिथल्या चावऱ्या त्सेत्से माशीला आवडतो, पांढरा दुपारपर्यंत लाल होतो. लष्करी छापाचे कपडे नेऊच नका. तिथे ते सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे.

प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर केनियात ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, आणि अभयारण्यांत जून २०२० पासून एकदा वापरायच्या पाण्याच्या बाटल्यांवरही. चप्पल, चिवडा, धुवायचे कपडे, सगळं कापडी पिशवीत किंवा डब्यात. प्रत्येकाची स्टीलची बाटली. चिवडा खोलीत उघडा ठेवू नका. माकडं झिप उघडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शाकाहाराची काळजी करू नका. रेल्वे बांधायला शतकापूर्वी गेलेले आणि नंतर व्यापाराला आलेले भारतीय तिथे इतके रुजलेत की चपाती हा केनियाचा रोजचा पदार्थ आहे. लॉजला आधी कळवलं की वरण-भात आणि एक भाजी होते. तिखटाची पुडी मात्र न्या.

प्रत्येकाला स्वतःची दुर्बीण. आठ-बाय-बेचाळीस पुरे. कुटुंबात एकच दुर्बीण फिरत राहिली की चित्ता पळालेला असतो. कॅमेऱ्याला चारशे मिलिमीटरपर्यंतची लेन्स चांगली. नसेल तर कर्ज काढून घेऊ नका, भाड्याने मिळते. तिपाई गाडीत निरुपयोगी. त्याऐवजी जुन्या जीन्सच्या पायाची एक टोक शिवलेली पिशवी न्या, नैरोबीत दोन किलो तांदूळ घेऊन भरा, छताच्या कडेवर ठेवा आणि तिच्यावर लेन्स टेकवा. परत येताना तांदूळ ड्रायव्हरला देऊन टाका. फोटो काढताना इंजिन बंद करायला सांगा, नाही तर सिंहाची आयाळ हलल्यासारखी येते. ड्रोन घरी. प्लग इंग्लंडसारखा तीन चौकोनी पिनांचा, त्याचा अडॅप्टर दोन घ्या.

आणि आता टोपी घ्या. दोरीवाली, वाऱ्याने उडणार नाही अशी.

गाडीत बसल्यावर

नैसर्गिक विधीची भीती बायकांना फार असते आणि त्यामुळे त्या पाणीच पीत नाहीत. तसं करू नका. ड्रायव्हरला सांगायचं, ‘टायर तपासायचे आहेत.’ हा तिथला सगळ्यांना कळणारा शब्दप्रयोग. तो मोकळी, सुरक्षित जागा बघतो, आधी स्वतः उतरून पाहतो आणि मग पाठ फिरवतो. टिश्यू कागदी पिशवीत परत आणायचा. एरवी गाडीतून उतरायचं नाही, छतावर बसायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. रिझर्व्हमध्ये रस्ता सोडून जायला बंदी आहे. ‘जरा जवळ घे ना’ म्हणून ड्रायव्हरला भरीला घातलंत तर दंड आणि बदनामी त्याच्या वाट्याला येते.

सारखं ‘वाघ कुठे’च्या चालीवर ‘सिंह कुठे’ विचारत बसू नका. उघड्या माळावर शंभर गोष्टी चालू असतात. गिधाडं एका झाडावर का बसलीत, जिराफ सगळे एकाच दिशेला का पाहताहेत, हे ड्रायव्हरला विचारा. आम्हाला बिबट्या दिसला तो असाच, जिराफांच्या नजरेवरून.

परत येताना पिवळी पुस्तिका चेक-इन बॅगेत टाकू नका, पासपोर्टबरोबर हातात ठेवा; मुंबईत आरोग्य खात्याच्या टेबलावर ती मागतात. घरी आल्यावर मलेरियाच्या उरलेल्या गोळ्या संपवा. आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की तुम्ही केनियात जाऊन आलाय. नाही तर पावसाळ्याच्या दिवसांत ते डेंग्यूची तपासणी लिहून देतील आणि मलेरियाचे दोन दिवस वाया जातील.